पाणपक्ष्यांची गणना: स्वयंसेवकाचा आकडा संस्थेच्या कामी यावा म्हणून

दर वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतीय उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे आणि १९६७ पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणनेचा ती भाग आहे. आपल्याकडे वेटलँड्स इंटरनॅशनल आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) तिचा समन्वय करतात. बीएनएचएस ही १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली, ना-नफा तत्त्वावर चालणारी संशोधन संस्था. आकडे जमवणारे मात्र बहुतेक जण स्वयंसेवक असतात: शिक्षक, बँकेतले कर्मचारी, कॉलेजची मुलं, निवृत्त मंडळी.

या आकड्यांचं पुढे काय होतं हे आधी समजून घ्या, कारण मोजण्याचे सगळे नियम त्यातूनच आले आहेत. एखादी पाणथळ जागा रामसर स्थळ (पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची जागा) म्हणून ठरवण्याचे नऊ निकष आहेत. त्यांतले दोन थेट पाणपक्ष्यांच्या संख्येवर उभे आहेत: तिथे नियमितपणे २०,००० किंवा त्याहून जास्त पाणपक्षी असावेत, किंवा एखाद्या जातीच्या वा उपजातीच्या एकूण समूहातले किमान १ टक्का पक्षी नियमितपणे यावेत. ‘नियमितपणे’ हे एका सकाळच्या मोजणीवरून सिद्ध होत नाही. त्याला ओळीनं अनेक वर्षांचे, एकाच जागेवरून, एकाच पद्धतीनं घेतलेले आकडे लागतात. नांदूरमधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडी आणि गोव्यातलं नंदा तळं यादीत आलं. दुर्मीळ पक्षी दिसला तर छानच, पण संस्थेला त्याहून जास्त गरज आहे ती पुढच्या वर्षीही त्याच बांधावर उभं राहणाऱ्या माणसाची.

नाव कसं नोंदवायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कळवा. डिसेंबरच्या शेवटी जागांची वाटणी झालेली असते आणि उशिरा आलेल्या माणसाला कुठल्या तरी गटात पाचवा म्हणून घुसवावं लागतं. गणनेला राज्यनिहाय समन्वयक असतात. त्यांचा संपर्क संस्थेकडे किंवा तुमच्या जिल्ह्यातल्या पक्षिमित्र मंडळाकडे मिळतो. संस्थेचं सभासदत्व ही वेगळी गोष्ट आहे, गणनेत भाग घ्यायला त्याची सहसा अट नसते.

‘मला निसर्गाची खूप आवड आहे’ या मजकुरानं समन्वयकाला काहीच कळत नाही. त्याला पाच गोष्टी हव्या असतात: तुम्ही कुठे राहता, सकाळी सातपर्यंत कुठल्या पाण्यावर स्वतःच्या वाहनानं पोचू शकता, कुठली दुर्बीण आहे, किती पाणपक्षी खात्रीनं ओळखता, आणि कुठले दिवस मोकळे आहेत. उदाहरणार्थ: ‘मी पैठणला राहतो. नाथसागराच्या पैठणकडच्या काठावर सातपर्यंत दुचाकीनं पोचतो. ८×४२ दुर्बीण आहे, स्कोप नाही. नेहमीची बदकं, बगळे, करकोचे ओळखतो, तुतवार-टिलवे या काठावरच्या छोट्या पक्ष्यांत गोंधळ होतो. जानेवारीतला दुसरा आणि तिसरा रविवार मोकळा आहे.’ गोंधळ कुठे होतो हे आपणहून सांगणारा माणूस समन्वयकाला जास्त आवडतो, कारण त्याच्यासोबत कुणाला द्यायचं हे लगेच ठरवता येतं.

पत्रातच तीन प्रश्न विचारून घ्या. परवानगी कोण काढणार? अभयारण्य असेल तर वन विभागाची, धरणाच्या भिंतीवर किंवा सांडव्याजवळ उभं राहायचं असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते. त्या पत्राची प्रत तुमच्या खिशात हवी, कारण धरणाच्या भिंतीवर कॅमेरा काढायला सहसा मनाई असते आणि चौकीवरच्या माणसाला तोंडी खुलासा पटत नाही. दुसरा प्रश्न प्रवासखर्चाचा. तो बहुधा तुमचाच असतो, पण विचारण्यात संकोच नको. तिसरा: आकडे कोणत्या नमुन्यात आणि कुठे भरायचे, छापील तक्त्यात की ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर. १८ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या लेखी संमतीशिवाय पाण्याकाठी नेऊ नका.

डिसेंबरची पूर्वपाहणी

ही पायरी सगळ्यांत जास्त वगळली जाते आणि गणनेच्या दिवशीचे निम्मे घोटाळे इथून सुरू होतात. गणनेच्या दोन-तीन आठवडे आधी एक सकाळ जागेवर घालवा आणि कागदावर हातानं नकाशा काढा. त्यात पाण्याची कड, रस्ते, वाटा, वस्ती, जॅकवेल, सांडवा, मासेमारीचे होड्या लावायचे धक्के, गाळपेराची शेतं येऊ द्या.

आता उभं राहायच्या जागा ठरवा. सकाळी मोजायचं म्हणजे ऊन पूर्वेकडून येणार, म्हणून पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघा. उलट केलंत तर समोरची सगळी बदकं काळी दिसतात आणि थापट्या सोडून एकही नक्की सांगता येत नाही (थापट्याची फावड्यासारखी चोच सावलीतही लपत नाही). ८ पटीच्या दुर्बिणीनं बदकांच्या जाती साधारण दीडदोनशे मीटरपर्यंत भरवशानं सांगता येतात. त्यापलीकडे २० ते ६० पटीचा स्कोप (ट्रायपॉडवरची एकनळी दुर्बीण) लागतो. स्कोप गटात एकच असेल तर तो सगळ्यांत रुंद पाण्याच्या जागेवर ठेवा.

दोन जागांमधून तेच पाणी दोनदा दिसणार नाही अशी हद्द आखा आणि हद्दीची खूण पक्की ठेवा: जॅकवेल, विजेचा खांब, पाण्यात उभं वठलेलं झाड. ‘त्या बेटापासून पुढे’ अशी खूण चालत नाही, कारण जानेवारीत पाणी दोन फूट उतरलं की बेटाचं टोक होतं. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणच्या बाजूला पाण्याच्या पातळीनुसार काठ इतका सरकतो की मागच्या वर्षीची उभं राहायची जागा यंदा पाण्यात किंवा हरभऱ्यात असू शकते.

या फेरीत गावातल्या माणसांशी बोला. मासे धरणाऱ्यांना पक्षी दुपारी कुठे बसतात, कुठला काठ चिखलाचा आहे, कुणाचा कुत्रा सोडलेला असतो हे नेमकं ठाऊक असतं. ज्यांच्या शेतातून जायचं त्यांना तारीख सांगून ठेवा.

सोबत काय घ्यायचं

दुर्बीण ८×४२ असावी. १० पटीची हातात थरथरते आणि तासभर मोजताना डोळा थकतो. स्कोपला जड ट्रायपॉड लावा, हलका वाऱ्यावर हलतो. बोटानं दाबायचा टॅली काउंटर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. दोन घ्या, एक बदकांच्या मुख्य जातीसाठी, दुसरा तिच्यात मिसळलेल्या जातीसाठी. वही आणि पेन्सिल ठेवा, दवानं शाईचं पाणी होतं. फोनमध्ये लिहिणं सोयीचं वाटतं, पण गार बोटांनी ५७० चे ५७०० होतात आणि ते कुणाला कळतही नाही.

मातकट रंगाचे कपडे, टोपी, पाणी, थोडं खाणं. खोल चिखलात गमबूट रुततात आणि पाय आत राहतो, म्हणून मऊ काठावर उतरूच नका. ड्रोन नको. होडी शक्यतो नको: फिरायला ती मजेची असली तरी मोजायला घातक, कारण होडीपुढे पक्षी उठतात आणि पुढच्या माणसाच्या हद्दीत जाऊन बसतात.

गणनेची सकाळ

पुणे-अहिल्यानगरकडे जानेवारीत सूर्य सात-सव्वासातला उगवतो. उजाडताना पाणकावळे रात्रीच्या झाडांवरून निघतात, बगळे विखुरतात, पट्टकादंब शेतातून पाण्याकडे किंवा पाण्याकडून शेतात जात असतात. ही धावपळ थांबू द्या. साडेसातला मोजायला लागा आणि साडेदहाच्या आत संपवा. त्यानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते आणि स्कोपमधली प्रतिमा वितळते. सगळ्या जागांवर मोजणी एकाच वेळी सुरू करा, म्हणजे एका हद्दीतून उडालेले पक्षी दुसऱ्या हद्दीत पुन्हा मोजले जाणार नाहीत.

पोचल्यावर लगेच आकडे घेऊ नका. पाच मिनिटं साध्या डोळ्यांनी सगळं पाणी बघा. काठाजवळचे, बुजरे, उडून जातील असे पक्षी आधी मोजा: हळदी-कुंकू बदकं, चक्रवाक, काठावरचे तुतवार. मग मधले मोठे थवे. शेवटी न हलणारे: झाडांवरचे चित्रबलाक, काठाचे राखी बगळे.

शंभर-दोनशे पक्ष्यांपर्यंत एकेक मोजता येतं. त्यावर गठ्ठ्यानं मोजायचं. वारकऱ्यांचा (कूट या काळ्या पाणपक्ष्यांचा) थवा घ्या. स्कोप थव्याच्या डाव्या टोकावर लावा आणि २० वारकरी खरोखर एकेक करून मोजा. ते २० चौकटीत किती जागा व्यापतात ते डोळ्यांत साठवा. आता तेवढीच जागा उजवीकडे सरकवत जा आणि प्रत्येक सरकण्याला टॅली एकदा दाबा. ३४ वेळा दाबलं तर ६८०. चूक इथे होते: थवा कडेला विरळ आणि मध्ये दाट असतो. कडेवरचा गठ्ठा मध्येही लावला तर आकडा निम्म्यावर येतो. म्हणून मध्यावर पोचलात की थांबा, तिथले २० पुन्हा एकेक मोजा, नवा गठ्ठा ठरवा. थवा हजारोंचा असेल तर ५० किंवा १०० चा गठ्ठा घ्या, पण तो आधी एकेक मोजून बसवल्याशिवाय नाही. नवखी माणसं मोठा थवा बहुतेक वेळा कमीच मोजतात, जास्त क्वचित.

एकाच थव्यात दोन-तीन जाती मिसळल्या असतील तर आधी एकूण थवा गठ्ठ्यानं मोजा. मग थव्यात चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी स्कोप लावून प्रत्येक ठिकाणचे १०० पक्षी जातवार मोजा आणि ते प्रमाण एकूणाला लावा. एकाच ठिकाणचे १०० घेऊ नका, तलवार बदकं थव्यात एका बाजूला गोळा होऊन बसलेली असतात.

टिबुकलीचा प्रश्न वेगळा. ती सारखी बुडी मारते. चौकट सरकवण्याआधी अर्धा मिनिट तिथेच थांबा, तेवढ्यात बुडालेली वर येते. झपझप पुढे गेलात तर वीसऐवजी अकरा लिहाल.

रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) बाबतीत डोकी मोजू नका. खाताना डोकं पाण्यात असतं, म्हणून धडं मोजा. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि टोक काळं, छोट्याची चोच पूर्णच गडद किरमिजी दिसते. करडी पिल्लं वेगळी लिहा. अंतरामुळे चोच दिसत नसेल तर ‘रोहित, जात अनिश्चित’ एवढंच.

दोघं असाल तर मोठा थवा दोघांनी एकमेकांना न सांगता मोजा. ६४० आणि ७२० आले तर मध्य घ्या. ४०० आणि ९०० आले तर कुणाचा तरी गठ्ठा चुकला आहे, दोघंही पुन्हा. भांडणाचा निकाल लावायला फोटो बरा: थव्याचे एकमेकांवर थोडे चढणारे फोटो डावीकडून उजवीकडे घ्या आणि घरी पडद्यावर ठिपके देत मोजा.

भोवत्यासारखा शिकारी पक्षी वरून गेला की अख्खं पाणी उठतं. हातातली मोजणी तिथेच सोडा, आकडा खोडा, पंधरा मिनिटं बसा, ती हद्द पहिल्यापासून मोजा. अर्धं आधीचं आणि अर्धं नंतरचं जोडलेला आकडा कुठल्याच क्षणाचा नसतो.

ओळखीची शंका आली तर

तक्त्यात ‘बदक, अनिश्चित’, ‘टिलवा, अनिश्चित’ असं लिहायला जागा असते, ती वापरा. अंदाजानं जात लिहिली तर पुढे संशोधकाला ती खरी समजूनच चालावं लागतं. जानेवारीत बहुतेक नरांवर पूर्ण रंग चढलेला असतो, म्हणून आधी नर ओळखा आणि जोडीनं दिसणाऱ्या मादीकडे मग जा: तलवार बदकाची लांब टोकदार शेपटी, भुवई बदकाची पांढरी भुवई, गडवालाचं करडं अंग आणि काळं बूड. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. पण चिखल लागलेले पाय बघून काही ठरवू नका.

खाडीवर घड्याळ भरतीचं

ठाणे, उरण, रत्नागिरी, मालवण: खाडीकाठी वरचं सकाळचं वेळापत्रक फारसं कामाचं नाही. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि तुतवार, टिलवे, चिखल्या त्यावर ठिपक्यांसारखे पसरतात. भरती चढू लागली की चिखल आकसतो, पक्षी काठाकडे ढकलले जातात आणि पूर्ण भरतीला मिठागरांत, बांधांवर गर्दीनं बसतात. मोजायची वेळ ती: पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास चिखलावर, आणि भरतीच्या सुमारास बसायच्या जागांवर.

वेळेचा अंदाज तिथीवरून येतो. तिथीची पाऊणपट करा: द्वादशीला ९, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. हा हिशेब मुंबईच्या आसपास अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे चालतो आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, म्हणून दिवस ठरवायला तिथी वापरा आणि मिनिटं भरतीच्या कोष्टकातून घ्या. सकाळच्या मोजणीला द्वादशी-त्रयोदशी बरी, संध्याकाळच्या मोजणीला पंचमी-षष्ठी. अष्टमीला भरती सहाच्या आसपास येते, म्हणजे सकाळी अंधार आणि संध्याकाळी मावळतीचा उजेड. गणनेच्या पंधरवड्यात हे बघूनच रविवार निवडा. दोन्ही काठांवर गट असतील तर दोन्हीकडे वेळ एकच हवी, रोहितांचे थवे एका भरतीत खाडी ओलांडतात.

चिखलात उतरू नका, एक पाऊलही नाही. भरती मागून येते आणि तिवरांमधली वाट बुडते.

कडीवाला पक्षी, मेलेला पक्षी

पायावर कडी किंवा रंगीत पट्टी दिसली तर चार गोष्टी लिहा: कुठला पाय, सांध्याच्या वर की खाली, वरून खाली रंगांचा क्रम, आणि अक्षरं-आकडे जे दिसतील ते. धूसर असला तरी फोटो ठेवा. बीएनएचएस १९२७ पासून पक्ष्यांना कड्या घालत आली आहे, आणि अर्धवट वाचलेल्या पट्टीवरूनही कधी कधी जागा सापडते.

मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. एकाच ठिकाणी अनेक मेलेले दिसले तर मोजा, फोटो घ्या, दूर व्हा आणि वन विभागाला व पशुसंवर्धन विभागाला त्याच दिवशी कळवा. पिसं घरी नेण्याचा मोह कायद्यालाही धरून नाही.

त्याच संध्याकाळी तक्ता

दुसऱ्या दिवसावर ढकललं की ‘साधारण दोनशे’ हा आकडा आठवणीत ‘२००’ होतो. एकेक मोजलेल्या आकड्यापुढे काही नको, गठ्ठ्यानं मोजलेल्यापुढे ‘अंदाज’ लिहा. जागेचं नाव मागच्या वर्षी होतं तेच आणि तसंच; ‘उजनी’, ‘भिगवण’ आणि ‘उजनी बॅकवॉटर’ ही संगणकाला तीन वेगळी ठिकाणं वाटतात. नकाशावरची टाचणी पाण्याच्या काठावर लावा, गाडी लावली त्या चहाच्या टपरीवर नको. सुरू आणि संपल्याची वेळ, पाण्याची पातळी, किती टक्के पाणी दिसलं, वारा-धुकं, होड्या, गाळपेर, कचरा, भराव, हे सगळं भरा. निम्मंच पाणी दिसलं असेल तर ‘५० टक्के’ लिहिण्यात कमीपणा नाही; ते न लिहिल्यास पक्षी निम्म्यानं घटले असं पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणेल.

काहीच नव्हतं तर शून्य लिहा आणि तक्ता पाठवा. कोरडं पडलेलं तळं ही मोठी नोंद आहे. ती पाठवलीच नाही तर तिथे कुणी गेलंच नाही असा अर्थ होतो. दोन सकाळी गेलात तर दोन तक्ते भरा, बेरीज करू नका. व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेली यादी म्हणजे नोंद नव्हे. घरट्यांची नेमकी जागा मात्र कुठल्याही गटावर टाकू नका, ती फक्त समन्वयकाला द्या.

ज्यांना पहाटे निघणं किंवा काठावर तासन्‌तास उभं राहणं झेपत नाही त्यांच्यासाठी घरातलं कामही असतं: थव्यांच्या फोटोंवर ठिपके देऊन मोजणं, हस्तलिखित तक्ते भरणं, जुन्या वर्षांची जागांची नावं एकसारखी करणं. हे कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच त्याला माणूस मिळत नाही, तेव्हा विचारलंत तर बहुधा लगेच मिळेल.

नकाशा, हद्दीच्या खुणा, गठ्ठ्याचा आकार, कुठल्या शेतकऱ्याच्या बांधावरून जायचं, कुठे चिखल फसवतो, हे सगळं एका पातळ वहीत उतरवून ठेवा आणि प्रत समन्वयकाला द्या. पुढच्या जानेवारीत जमणार नसेल तर ऑक्टोबरमध्येच सांगा, आणि तुमच्या जागी येणाऱ्याला डिसेंबरच्या पूर्वपाहणीला एकदा सोबत न्या.